फ्रान्समध्ये नवीन आलात? आधी कोट, मग बाकीचं

सप्टेंबरमध्ये शिकायला किंवा नोकरीसाठी पॅरिसला येणाऱ्यांच्या बॅगेत दोन गोष्टी हमखास असतात. एक, बर्फात चालेल असं जाडजूड फुगीर जॅकेट. दुसरी, निघण्याआधी घाईघाईने शिवून घेतलेल्या चार ढगळ पॅन्ट. दोन्हींनी बॅगेचं वजन खाल्लेलं असतं आणि दोन्हींचा इथे फारसा उपयोग होत नाही.

पॅरिसची थंडी मनालीची थंडी नव्हे. जानेवारीत दिवसा साधारण ७ अंश, रात्री ३ च्या आसपास. बर्फ पडला तरी क्वचितच टिकतो. त्रास होतो तो ओलसर हवेचा, वाऱ्याचा आणि दिवसभर चालणाऱ्या भुरभुर पावसाचा. त्यातच घरं-ऑफिसं हिवाळ्यात १९ अंशांपर्यंतच तापवावीत असा इथे नियम आहे आणि गर्दीच्या वेळी मेट्रोचा डबा मात्र चांगलाच गरम असतो. म्हणजे घरातून निघाल्यापासून कामावर पोचेपर्यंत अर्ध्या तासात तुम्ही तीन ऋतूंतून जाता. एका जाड जॅकेटमध्ये हे जमत नाही. मेट्रोत घाम फुटतो आणि जॅकेट काढलं की आत नुसता टी-शर्ट. इथल्या रस्त्यावर दिसणारी ती ‘सहज नीटनेटकी’ माणसं मुळात एवढंच करतात: पातळ थर एकावर एक घालतात आणि गरजेप्रमाणे काढतात.

थर असे ठेवा. अंगालगत सुती पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. त्यावर बारीक विणीचा लोकरी स्वेटर, ज्याला इथे ‘प्यूल’ म्हणतात. त्यावर लोकरीचा कोट, म्हणजे ‘माँतो’. गळ्याला मफलर. पारा ३ अंशांच्या खाली गेला तर कोटाच्या आत बिनबाह्यांचं पातळ पिसांचं जॅकेट. थर्मल पॅरिसमध्ये रोज लागत नाहीत. आल्प्समध्ये, स्ट्रासबुर्गकडे किंवा तासन्‌तास बाहेर उभं राहायचं असेल तरच घाला.

कोटावर पैसे खर्च करा

नोव्हेंबर ते मार्च लोकांना तुमचा कोटच दिसतो, आतले कपडे नाहीत. म्हणून पहिल्या वर्षीच्या बजेटचा मोठा हिस्सा इथे घाला आणि बाकीचं स्वस्तात भागवा. आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा. ‘लेन’ म्हणजे लोकर. ती ७० टक्के किंवा जास्त हवी, उरलेलं पॉलिअमाइड (नायलॉन) असलं तर चालतं, त्याने कापड टिकतं. अर्ध्याहून जास्त पॉलिएस्टर किंवा अॅक्रिलिक असलेला कोट हँगरवर छान दिसतो, पण त्यात ऊब कमी असते आणि पहिल्याच हिवाळ्यात काखेत आणि बॅग घासते तिथे गोळे येतात.

कोट घालून बघताना आत स्वेटर असलाच पाहिजे, नाहीतर माप चुकतं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. ती खाली घसरत असेल तर तो कोट सोडून द्या, कारण खांदे दुरुस्त करणं महाग आणि अवघड असतं. बाही लांब असेल तर घ्या. ती कमी करता येते. दोन्ही हात पुढे करून बघा, पाठीत ताण येत असेल तर एक माप मोठं मागा. लांबी गुडघ्यापर्यंत असली की मांड्यांना वारा लागत नाही. रंग नेव्ही, राखाडी किंवा उंटाच्या रंगाचा घ्या. काळा छान दिसतो, पण त्यावर प्रत्येक तंतू उठून दिसतो.

आता नव्याने आलेल्यांकडून सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट. नव्या कोटाच्या मागच्या, खालच्या बाजूच्या चिरेला फुलीसारखा दोरा मारलेला असतो, खिसे शिवून बंद केलेले असतात आणि कधी बाहीवर कापडी लेबल टाचलेलं असतं. हे सगळं दुकानात कोट नीट राहावा म्हणून असतं. घरी आल्यावर छोट्या कात्रीने उसवून टाका. फुली तशीच राहिली तर चालताना कोट मागे आवळतो.

मापं

बायकांच्या कपड्यांत फ्रेंच ३८ म्हणजे ब्रिटिश १०, जर्मन ३६ आणि इटालियन ४२. दुकानात चारही देशांचा माल असतो, त्यामुळे नुसता आकडा बघून घेऊ नका, लेबलवर देश बघा. पुरुषांच्या जॅकेटचा आकडा म्हणजे छातीच्या घेराचे अर्धे सेंटिमीटर: छाती १०० तर माप ५०. शर्टाचं माप गळ्याच्या घेरावर, तेही सेंटिमीटरमध्ये. जीन्सची कंबर मात्र इंचांत. चपला-बुटांचा आपला ८ नंबर इथे साधारण ४२ होतो. इथल्या प्रत्येक नंबरात दोन तृतीयांश सेंटिमीटरचा फरक असतो, म्हणून संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, हिवाळ्याचे मोजे घालूनच बूट बघा.

पॅन्टच्या लांबीवर मी जरा थांबतो, कारण नीटनेटकेपणा सगळ्यात आधी तिथे दिसतो किंवा बिघडतो. आपल्याकडे शिंपी पॅन्ट बुटावर दोन घड्या पडतील अशी सोडतो. इथे पुढची कड बुटाला जेमतेम टेकते किंवा घोटा दिसतो. रुंद पॅन्टची पद्धत परत आली आहे, तिथे कड खाली येते, पण जमिनीवर लोळत नाही. तयार पॅन्ट उंच माणसांच्या हिशेबाने कापलेल्या असतात, म्हणून सरासरी मराठी उंचीला लांबी कमी करावीच लागते. या कामाला ‘ऊर्ले’ म्हणतात. बहुतेक मोहल्ल्यांत ‘रतूश’ची पाटी असलेलं छोटं दुकान सापडतं, पॅरिसमध्ये १० ते १५ युरोंत काम होतं. जो बूट त्या पॅन्टवर घालणार, तोच घालून जा. नवी सुती पॅन्ट आधी एकदा धुऊन मग न्या, नाहीतर आटल्यावर ती आखूड होते.

पाय

इथे गाडीपेक्षा पाय जास्त चालतात. दगडी फरसबंदी, मेट्रोचे जिने, ओले पदपथ. एवढ्यासाठी तीन जोड पुरतात: साधे पांढरे किंवा फिकट चामडी स्नीकर, घोट्यापर्यंतचे बूट आणि ऑफिससाठी बिनलेसचे मोकासँ किंवा लेसचे डर्बी. जिममध्ये घालायचे भडक रंगांचे रनिंग शूज कामावर घातले की बाकीचा सगळा पोशाख वाया जातो. टोकदार टाचा दगडांच्या फटींत आणि पदपथावरच्या जाळ्यांत अडकतात. टाच हवीच असेल तर रुंद घ्या.

चामडी तळव्याचे बूट घेतले असतील तर पहिल्या पावसाच्या आधी चांभाराकडे, म्हणजे ‘कोर्दोनिये’कडे न्या आणि ‘पातँ’ लावायला सांगा. पुढच्या अर्ध्या तळव्याला तो पातळ रबर चिकटवतो. त्याने घसरणं थांबतं, पाणी आत येत नाही आणि बुटाचं आयुष्य कितीतरी वाढतं. भिजलेले बूट हीटरवर ठेवू नका, चामडं तडकतं. आत कागदाचे बोळे भरा आणि एक दिवस विश्रांती द्या. कोल्हापुरी जरूर आणा, पण ती जून ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांसाठी. पाणी लागलं की तिचा तळवा फुगतो.

रस्त्यावर काय बघायचं

फॅशन वीकच्या वेळी फोटोग्राफरांसमोर उभी राहिलेली माणसं बघून काही शिकता येत नाही, ते कपडे कुणी रोज घालत नाही. त्यापेक्षा शनिवारी सकाळी रु दे मार्तीर या रस्त्यावर किंवा कानाल सँ-मार्तँ या कालव्याच्या काठी कॅफेबाहेर बसा, लिऑनमध्ये असाल तर क्रोआ-रूसच्या बाजारात जा. एका माणसात तीनच गोष्टी बघा: पॅन्टची कड बुटाला कुठे भेटते, कोटाची लांबी किती, आणि एकूण किती रंग आहेत. रंग सहसा तीनच निघतील, आणि त्यांतला एकच उठावदार.

काही वस्तू इथल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांची गोष्ट माहीत असलेली बरी. आडव्या पट्ट्यांचा सुती टी-शर्ट, मारिन्येर, हा १८५८ च्या २७ मार्चच्या आदेशाने फ्रेंच नौदलाचा गणवेश झाला. अंगावर २१ पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येक निळ्या पट्टीच्या दुप्पट रुंद. निळ्या कामगार-कोटाला ‘ब्लो द त्राव्हाय’ म्हणतात, तो जुना आणि फिका पडलेलाच जास्त छान दिसतो, वसंतात आणि शरदात उपयोगी पडतो. घडी करून पिशवीत मावणाऱ्या पावसाळी जॅकेटला सगळे ‘काऊए’ म्हणतात, मुळात ते १९६५ साली पॅरिसमध्ये निघालेल्या एका ब्रँडचं नाव. वाऱ्यात छत्री उलटते, तेव्हा हेच कामाला येतं.

गळ्यातल्या कापडात मात्र आपण इथल्यांच्या पुढे आहोत. सतराव्या शतकात भारतातली छापील सुती कापडं, ‘अँदिएन’, फ्रान्समध्ये इतकी खपू लागली की इथल्या विणकरांना वाचवायला १६८६ मध्ये सरकारने या कापडांवर बंदी घातली. ती १७५९ मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी व्हर्सायजवळ जुई-आँ-जोसासला ओबेरकांप नावाच्या उद्योजकाने छपाईचा कारखाना काढला. तेव्हा ठसेछपाईची सुती ओढणी इथे परकी वाटत नाही. ती लांबीत चौपदरी घडी करा, मधोमध दुमडून गळ्यात घ्या, दोन्ही टोकं फासातून ओढा आणि गाठ सैल ठेवा. मफलरसाठी वेगळा खर्च करायची गरजच नाही. फक्त जरीची ओढणी नको: जरीची तार लोकरीत अडकते आणि कोटाचे धागे ओढते.

खरेदी

दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणायचंच. न म्हणता कपडे चाळायला लागणं इथे उद्धटपणा धरतात, आणि मग मदत मिळत नाही. भाव करणं फक्त जुन्या वस्तूंच्या बाजारात चालतं.

सरकारी नियमाने ठरलेले सेल, ‘सोल्द’, वर्षातून दोनदा आणि चार-चार आठवडे. हिवाळ्याचा जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो, तो बुधवार १२ तारखेनंतर आला तर पहिल्या बुधवारी. उन्हाळ्याचा जूनच्या शेवटच्या बुधवारी, तो २८ नंतर आला तर त्याआधीच्या. सीमेवरच्या काही जिल्ह्यांत तारखा वेगळ्या असतात. कोट आणि बूट पहिल्या दोन दिवसांत घ्या, नंतर मधली मापं संपतात. स्वेटर आणि शर्ट तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात, तेव्हा भाव आणखी उतरतात. एक गैरसमज मात्र काढून टाका: दुकानातून घेतलेली वस्तू आवडली नाही म्हणून परत घेण्याची कायद्याने सक्ती नाही, ते दुकानाच्या मर्जीवर. ऑनलाइन घेतलं तर १४ दिवसांचा हक्क आहे. सदोष निघालं तर सेलमधल्या मालालाही हमी लागू असते.

जुने कपडे घेणं इथे कमीपणाचं नाही, विद्यार्थ्यांपासून वकिलांपर्यंत सगळे घेतात. एमाउस या सेवाभावी संस्थेची दुकानं, ‘फ्रिपरी’ म्हणजे जुन्या कपड्यांची दुकानं, मोहल्ल्यातले ‘व्हिद-ग्रनिये’, म्हणजे लोक घरातल्या जुन्या वस्तू विकतात ते बाजार, आणि फोनवर व्हिंटेड हे अॅप. कोट तर मी जुनाच घ्यायला सांगेन: आजच्या मधल्या भावाच्या कोटापेक्षा वीस वर्षांपूर्वीच्या कोटात बहुधा लोकर जास्त असते. घेताना तो उजेडाकडे धरा, कसरीची बारीक भोकं दिसतील. काखेतलं अस्तर आणि कॉलरची आतली बाजू बघा. अस्तर फाटलेलं चालेल, कापड झिजलेलं नको. दुरुस्तीसाठी २०२३ च्या नोव्हेंबरपासून ‘बोनूस रेपारासियाँ’ आहे: ठरावीक दुकानांत बूट-कपडे दुरुस्त केले की बिलातूनच काही रक्कम वजा होते. दारावर तशी खूण आहे का, काम देण्याआधी बघा.

पोहायला जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: पॅरिसच्या नगरपालिकेच्या तलावांत पुरुषांना अंगाबरोबर बसणारी चड्डीच लागते, ढगळ बर्म्युडा घालून आत सोडत नाहीत. टोपी सगळ्यांना सक्तीची. मुलं सरकारी शाळेत जाणार असतील तर २००४ च्या कायद्याने ठळकपणे दिसणारी धार्मिक चिन्हं शाळेत चालत नाहीत, लहानसं साखळीतलं पदक चालतं.

रेशमी साडी, कुर्ता एक-एक जरूर आणा. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला ला शापेलच्या भागात तमिळ मंदिराची गणपतीची रथयात्रा निघते, तिथे दोन्ही घालता येतात. गार द्यु नॉर या रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला भारतीय कपड्यांची दुकानंही आहेत, पण भाव जास्त.

जपणूक

इथे एकच स्वेटर आठवड्यातून तीनदा घातला तर कुणी काही म्हणत नाही. डोळ्यांवर येतात ते गोळे, चुरगळलेली कॉलर, चिखलाचे बूट आणि फोडणीचा वास. शेवटचं मनावर घ्या. एका खोलीच्या घरात स्वयंपाक आणि कपाट शेजारी असतं, आणि लोकर वास धरून ठेवते. फोडणी देण्याआधी कोट झिपच्या कव्हरमध्ये घालून न्हाणीघरात टांगा, खिडकी उघडा, आणि जेवण झाल्यावर कोट तासभर खिडकीजवळ ठेवा. स्वेटर प्रत्येक वेळी धुवायचे नसतात, वारा दिला की पुरतं. धुवायचे झाले तर लोकरीच्या प्रोग्रॅमवर, थंड किंवा ३० अंशांत, आणि टॉवेलवर आडवे वाळवा. टांगले तर बाह्या लोंबतात.

डांबराच्या गोळ्या भारतातून आणू नका, नॅफ्थलीनच्या गोळ्यांवर युरोपीय संघात २००८ पासून बंदी आहे. कसर पॅरिसच्या जुन्या घरांत भरपूर. उन्हाळ्यात लोकरीचे कपडे धुऊनच ठेवा, कारण अळी घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. बंद पिशवीत देवदाराचे तुकडे टाका. भोकं दिसली तर स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग ब्रशने झटका आणि कपाटाचे कोपरेही पुसून घ्या, अंडी तिथेच राहतात.