डेक्कनवरची संध्याकाळ कशी घालवावी

भाचा यंदा पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला आला, त्याला सांगितलं तेच इथे सांगते.

शनिवारी वैशाली हॉटेलात जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून सहाच्या आत पोचा. दोघांत एक एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) पुरे, पोट रात्रीसाठी राखा. मग रमतगमत गुडलक चौकात या. तिथलं गुडलक हे इराणी कॅफे १९३५ सालचं. बनमस्का चहात बुडवूनच खायचा, आणि चालत असेल तर खिमा-पाव घ्याच.

खरी मजा त्यापुढे. जंगली महाराज रस्त्याने बालगंधर्वला जा. १९६८ सालचं हे नाट्यगृह. रात्रीच्या प्रयोगाचं बाल्कनीचं तिकीट काढा, मागच्या रांगेतूनही नाटक छान रंगतं. पुण्यात शिकायला येऊन एकही नाटक न पाहता परत जाणारी मुलं बघितली की मला मनापासून वाईट वाटतं.

नाटक सुटलं की भूक लागतेच. भुर्जीपावाची गाडी निवडताना गर्दी बघा: रिक्षावाले जिथे जेवतायत आणि अंडी तुमच्यासमोर फुटतायत, तिथे थांबा. कांदा-लिंबू मागून घ्या.

शेवटची मेट्रो मिळणार नाही हे धरूनच चला. रिक्षा तिघांत करा, आणि हॉस्टेलचं फाटक कधी बंद होतं ते निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.