हिप्परग्याच्या जुन्या कॅनॉलकडेनं हिवाळ्यात सायकल काढायची तर

सोलापुरात कुठली आलीय थंडी असं बाहेरचे म्हणतात, पण जानेवारीत पहाटे कॅनॉलच्या कडेला जाऊन बघा, बोटं अशी आखडतात की ब्रेक दाबता येत नाही. म्हणून हातमोजे आधी. स्वेटरच्या आत छातीवर जुना पेपर घडी करून ठेवायचा, वारं आत शिरत नाही, आणि नऊ वाजता ऊन चढलं की काढून बॅगेत टाकायचा. जाड जॅकेट घालू नका, दुपारी तेच ओझं होतं.

हिप्परग्याचा तलाव म्हणजेच एकरुख तलाव. आदिला नदीवर मातीचा बांध घालून इंग्रजांच्या काळात १८७१ साली पूर्ण केला, दीडशे वर्षं उलटून गेली तरी शहर अजून त्याचं पाणी पितंय, मला तर तिथं गेलं की दरवेळी भरून येतं. त्यातूनच हे कालवे काढलेले. कालव्याला उतार अगदी जेमतेम देतात, पाणी आपोआप पुढं सरकेल एवढाच, म्हणून कडेची वाटही जवळजवळ सपाट असते आणि नवीन माणसालाही दम लागत नाही. पण टेकाड आलं की कालवा त्याला वळसा घालतो, त्यामुळं समोर दिसणारं गाव वाटेनं बरंच लांब पडतं, वेळेचा हिशोब करताना हे धरा. वाट सगळीकडं सलग पण नाही, कुठं झुडपं माजलीत, कुठं बांध फुटलाय, तिथं उतरून सायकल हातात धरून चालायचं.

निघायच्या आधी एक गोष्ट नक्की विचारा, आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू आहे का. पाणी सोडलेलं असलं की पाझरून कडेची काळी माती भिजते आणि ती माती एकदा चाकाला धरली की मडगार्डमध्ये गच्च बसून चाकच फिरत नाही. आवर्तन बंद होऊन आठवडा गेला की वाट मस्त टणक होते. पाणी असलं तरी आत उतरू नका, दगडी काठावर शेवाळ असतंय आणि पाय घसरला की धरायला काही नाही.

शहरातून तुळजापूर रोडनं जायचं. ऊसतोडीचे दिवस असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागून येतात, म्हणून मागचा लाल लाइट लावल्याशिवाय हायवेवर जाऊच नका. थंडीत वारं बहुतेक ईशान्येकडून असतं, म्हणजे जाताना समोरून लागतं आणि दमून परत येताना पाठीवर, हे लई बरं.

आता काटे. बाभळीचा आणि त्याहून वाईट वेड्या बाभळीचा. मी एकदा जादा ट्यूब न घेता गेलो, दोन्ही चाकं बसली आणि हायवेपर्यंत सायकल ढकलत आलो, ते अंतर अजून आठवतंय. तेव्हापासून एक ट्यूब, पॅच, सोल्युशन, टायर लिव्हर आणि छोटा पंप बॅगेत कायम. आणि पंक्चर काढल्यावर लगेच ट्यूब घालू नका! टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा, काट्याचं टोक मोडून आतच राहिलेलं असतं, तांदळाच्या कणीएवढं, तेच दहा मिनिटांनी नवीन ट्यूब फोडतं. चिमट्यानं ते बाहेर ढकला, मगच पुढचं.

शेताजवळ कुत्री अंगावर आली तर सायकल पळवू नका, उतरा, ती मध्ये घ्या आणि चालत राहा. वाटेत पाणी द्यायचे पाइप आडवे टाकलेले असतात, त्यावरून चाक न नेता सायकल उचलून पलीकडं ठेवायची, शेतकऱ्याचं नुकसान नको. शाळूला हुरडा आलेला असला तरी कणसाला हात लावायचा नाही, "मामा, हुरडा मिळंल का" एवढं विचारा, बहुतेक वेळा ते स्वतःच आगटी पेटवतात. सोबत शेंगाचटणी घेऊन जा, गरम हुरड्याबरोबर तिला तोड नाही. तलावाकाठी चक्रवाक दिसतात, नारिंगी अंगाचे, जोडीनं. लांबूनच बघा.

दहाच्या आत परत फिरा, नंतर ऊन लागतं. आणि घरी आल्यावर आंघोळीच्या आधी दोन्ही टायर उन्हात फिरवून बघा, रुतलेले काटे तेव्हाच काढले तर पुढच्या रविवारी चाक हवेनं भरलेलं सापडतं.