क्लायंटच्या मीटिंगमधलं इंग्रजी: या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्यात मी जर्मन क्लायंटचे कॉल सांभाळायचो. एकदा गुरुवारच्या मीटिंगबद्दल तिकडून मेल आली: ‘कॅन वी ब्रिंग इट फॉरवर्ड बाय अ डे?’ फॉरवर्ड म्हणजे पुढे, पुढे म्हणजे शुक्रवार. ‘शुअर’ लिहून मोकळा झालो. बुधवारी दुपारी अडीचला कॅन्टीनमध्ये उसळीवर शेव टाकतोय, तोच फोन वाजला. तिकडे सकाळचे अकरा वाजले होते आणि चार माणसं कॅमेऱ्यासमोर आमची वाट बघत बसली होती.

इंग्रजीत मीटिंग ‘फॉरवर्ड’ आणली की ती अलीकडे येते, ‘पुश बॅक’ केली की लांबते. आपण मात्र लांबवायची असली की ‘पुढे ढकलतो’. बरं, ‘प्रीपोन’ म्हणावं तर तो आपल्याकडचा शब्द, तिकडे बऱ्याच जणांना कळतच नाही. त्यामुळे मागे-पुढे काही न बोलता सरळ वार आणि तारीख सांगायची: ‘सो वी मीट ऑन वेन्सडे, द ट्वेल्थ, राइट?’

तेव्हापासून माझं मत झालंय की आपण घाबरतो व्याकरणाला आणि फसतो भलतीकडेच. ‘डिस्कस अबाउट’ म्हणालात, ‘टुडे मॉर्निंग’ म्हणालात, काही बिघडत नाही. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ने कुणाची ऑर्डर गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. (सुधारता आलं तर ‘आय अ‍ॅम’ म्हणा, एवढंच.) घोळ होतो तो मनातलं मराठी वाक्य तसंच्या तसं इंग्रजीत उतरवल्यावर.

अदब कुठे जाते?

‘ड्रॉइंग पाठवा’ यातलं ‘वा’ बघा. सगळी अदब त्या एका अक्षरात आहे. पुणेरी पाटीसुद्धा ‘बेल एकदाच वाजवावी’ म्हणते, ‘वाजव’ म्हणत नाही. इंग्रजी क्रियापदाला अशी सोयच नाही. ‘सेंड द ड्रॉइंग’ म्हटलं की ‘वा’ गळतं आणि समोरच्याला ऐकू येतं ‘पाठव’. पुढे ‘प्लीज’ चिकटवलं तरी हुकूम तो हुकूमच. तिथे अदब प्रश्नात असते: ‘कुड यू सेंड अस द ड्रॉइंग बाय फ्रायडे?’ फारच मोठी मागणी असेल तर ‘वुड इट बी पॉसिबल टू...’ अशी सुरुवात करा. फोनवर आपण प्रेमाने ‘बोला’ म्हणतो, त्याचं ‘येस, टेल मी’ करू नका. ‘हाय, हाऊ कॅन आय हेल्प?’ पुरे.

हो म्हणजे ऐकतोय

समोरचा बोलत असताना आपण ‘हो, हो’ करतो. ऐकतोय हे कळावं म्हणून. कॉलवर त्याचं ‘येस, येस’ होतं आणि तिकडे मिनट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, लिहिलं जातं की सप्लायरला तारीख मान्य आहे. ऐकतोय एवढंच सांगायचं तर ‘आय सी’ म्हणा. निर्णय आपल्या हातात नसेल तर लगेच जोडा: ‘लेट मी चेक विथ प्रॉडक्शन.’

‘बघतो’चंही तेच. आपल्याला ‘बघतो’ म्हणजे बहुधा नाही, हे न सांगता कळतं. ‘वी विल ट्राय’ ऐकून क्लायंट मात्र काम सुरू झालं असं धरून चालतो. त्यापेक्षा ‘आय कॅन कन्फर्म बाय वेन्सडे नून, युअर टाइम’ म्हणा. जमणार नसेल तर ‘आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट डू दॅट धिस वीक, बट वी कॅन डू मंडे.’ नकारासोबत एक तारीख दिली की फारसं कुणी चिडत नाही. आणि ‘युअर टाइम’ विसरू नका: जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, आपली नाही.

फसवे शब्द

‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्या लेखी शंका विचारणं. बाहेरच्याला वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘वी विल रिव्हर्ट’ तर ड्रॉइंगच्या किंवा सॉफ्टवेअरच्या चर्चेत धोक्याचंच, कारण त्याचा अर्थ जुन्या आवृत्तीवर परत जाणं. ‘वी विल गेट बॅक टू यू’ बिनधोक. एखादा विषय ‘टेबल’ करू नका: ब्रिटिश माणूस तो लगेच चर्चेला घेईल, अमेरिकन बाजूला ठेवेल. लाख-कोटीही इथेच सोडा. 2 लाख पीस म्हणजे ‘टू हंड्रेड थाउजंड’.

अडकलात तर

कळलं नाही तर गप्प बसणं ही सगळ्यात महागडी चूक. निव्वळ ‘व्हॉट?’ उद्धट वाटतं आणि नुसतं ‘सॉरी?’ तिसऱ्यांदा म्हणायला आपल्यालाच लाज वाटते. कुठे अडलं ते सांगा: ‘सॉरी, आय मिस्ड द पार्ट आफ्टर टॉलरन्स.’ म्हणजे त्याला अख्खं पुराण परत लावावं लागत नाही. मध्ये बोलायचं असेल तर ‘कॅन आय कम इन हिअर?’ आणि मग एक श्वास थांबा, कॉलवर आवाज उशिरा पोचतो. मीटिंग तुम्हीच चालवत असाल आणि गाडी रुळावरून घसरली तर ‘लेट्स पार्क दॅट फॉर नाऊ’ म्हणून पुढचा मुद्दा घ्या.

फोन ठेवण्याआधी दोन मिनिटं राखून ठेवा. ‘सो, टू रीकॅप: वी सेंड द सॅम्पल्स बाय द ट्वेंटिएथ, यू सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग बाय फ्रायडे. इज दॅट करेक्ट?’ तिकडून ‘नॉट क्वाइट’ आलं तर ते ‘जवळपास बरोबर’ नव्हे. तुम्ही काहीतरी चुकीचं धरून चालला आहात, हे तो सभ्यपणे सांगतोय. ‘विच पार्ट?’ म्हणून विचारा आणि पेन पुन्हा उघडा.