घरी शिकवावं, खासगी शाळा की सरकारी?

आधी घरातला वेळ मोजा. घरी शिकवायचं तर एका मोठ्या माणसाला रोज सलग दोन-तीन तास मोकळे हवेत. नसतील तर हा पर्याय सोडा. कायदा आणि परीक्षेची नोंदणीही आधीच तपासा, नाहीतर पुढच्या प्रवेशाला अडतं. सवंगडी आपोआप मिळत नाहीत, खेळाचा गट शोधावा लागतो.

खासगी शाळेकडून फीसोबत गणवेश, बस, सहली आणि दरवर्षीची वाढ लेखी मागा. सरकारी शाळा न पाहताच नाकारू नका, हे अगदी कळकळीनं सांगतो. दोन्हीकडे चालू वर्गात अर्धा तास बसा, वह्या उघडा. चुकीवर नुसती लाल फुली आहे, की मुलानं ते गणित खाली पुन्हा सोडवलंय? चकचकीत इमारतीपेक्षा ही वही जास्त सांगते. शिक्षक किती वर्षं टिकतात, तेही विचारा.