पोरगं 'भाई'च्या नादाला लागायच्या आधी काय करायचं

सांगलीत काय, मिरज-कुपवाडात काय, गोष्ट सुरू होते ती उधारीपासनं. मावा, चहा, बिर्याणी, गाडीत पेट्रोल, सगळं कोपऱ्यावरच्या दादाच्या खात्यावर, महिनाभर कोण काय मागत नाही, वर "भावा, ये बस" म्हणून मान पण मिळतो, आणि मग एक दिवस "एवढं पाकीट पोचव" नायतर "ही पिशवी चार दिवस तुझ्या घरात ठेव". तेव्हा पोराला नाही म्हणता येत नाही, कारण खाल्लेलं असतं.

म्हणून आधी खर्च बघा. पोराला दर आठवड्याला थोडे का होईना पैसे स्वतः द्या. कुणाचं देणं झालं असेल तर न ओरडता आकडा विचारा आणि बापानं किंवा मामानं सोबत जाऊन ते फेडून टाका, पोराला एकट्याला पाठवू नका. तिथं दमदाटी झाली तर 112 ला फोन, लाजायचं नाही.

दुसरं, टोळीवाले पोरांना हमखास सांगतात की तू अठराच्या आत हायस, तुला काय होत नाही. हे खोटं आहे हे घरात बसून नीट सांगा. 2015 च्या बाल न्याय कायद्यात 16 वर्षं पूर्ण झालेल्या पोरानं खुनासारखा गंभीर गुन्हा केला तर बाल न्याय मंडळाच्या तपासणीनंतर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. आणि आपल्याकडं निम्मी पोरं पोलीस नायतर आर्मी भरतीसाठी पहाटे पळतात, तिथं चारित्र्य पडताळणी असते, कोयत्यानं केक कापल्याच्या एका रीलवरनं केस झाली की पुढं काय काय अडतं ते भरती झालेल्या एखाद्या ओळखीच्या पोराकडनंच त्याला ऐकवा, आपलं ते ऐकत नाहीत.

संध्याकाळी सात ते दहा हीच खरी वेळ. तालीम, कबड्डी, खो-खो, काहीपण चालेल पण तिथं वस्तादाशी तुमचं बोलणं पाहिजे. गणपतीत मंडळात तुम्ही पण जा, वर्गणीची पट्टी द्या, पोरांसोबत मांडवात बसा, कोण कुणाबरोबर फिरतंय ते आपोआप कळतं.

एक कळकळीनं सांगते, हात उचलू नका. मार खाल्लेलं पोरगं रात्री दादाकडंच जातं आणि दादा त्याला जेवायला घालतो. उशिरा आलं तरी ताट वाढा, जेवू द्या, कुठं होतास ते सकाळी विचारा.