जुना लॅपटॉप रोजच्या कामासाठी तयार करताना: आधी डिस्क, मग रॅम

दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटे घेत असेल, तर दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसून आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी ही डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला साधारण १०० एमबीचा वेग गाठते. परंतु संगणक सुरू होताना शेकडो लहान फायली वेगवेगळ्या जागांवरून वाचाव्या लागतात आणि तेव्हा हाच वेग एक एमबीच्या आसपास घसरतो. एसएसडी, म्हणजे मेमरी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हिच्यात फिरणारा भागच नसल्याने ही अडचण उरत नाही. म्हणून पैसे एकाच भागासाठी असतील, तर ते निःसंकोच एसएसडीवर खर्च करावेत. खात्री करायची असल्यास विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून पाहावा. काहीही न करता डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर राहत असेल, तर संथपणाचे मूळ तिथेच आहे.

सुटे भाग विकत घेण्यापूर्वी यंत्रावर कोणती प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायची, हे ठरवावे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप तसेच इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या यंत्रांवर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवणे मला सर्वांत योग्य वाटते, आणि त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून न बसवताही चालवून पाहता येते. तेव्हा वायफाय, आवाज, कॅमेरा, घरचा प्रिंटर आणि मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक हे सर्व तपासून घ्यावे व मगच खरेदीला निघावे.

उदाहरणादाखल २०१२ सालचा थिंकपॅड टी४३० घेऊ. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, चार्जर काढावा आणि खटका सरकवून बॅटरी वेगळी करावी. हार्ड डिस्कवरचे झाकण खालच्या बाजूच्या एकाच स्क्रूने धरलेले असते. ते काढले की डिस्क पट्टीला धरून सरळ बाहेर ओढता येते. तिच्या दोन्ही कडांना रबरी पट्ट्या असतात. त्या काढून नव्या, अडीच इंची आणि ७ मिमी जाडीच्या साटा (या जोडणीच्या प्रकारच्या) एसएसडीला लावाव्यात व ती हलक्या हाताने आत सरकवावी. अडकल्यासारखे वाटल्यास जोर न लावता बाहेर काढून पुन्हा नीट धरावी. त्यानंतर बॅटरी बसवून पेन ड्राइव्ह लावावा, सुरू करताना एफ१२ दाबून तो निवडावा आणि प्रणाली नव्याने बसवावी. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्यापेक्षा हे चांगले, कारण वर्षानुवर्षे साचलेले अनावश्यक प्रोग्राम त्यामुळे मागे राहतात.

रॅमच्या बाबतीत ब्राउझर, कागदपत्रे आणि व्हिडिओ कॉल यांसाठी ८ जीबी पुरते. या यंत्रात १६ जीबीपर्यंत रॅम चालते. रॅमची पट्टी बसवायच्या दोन्ही खाचा खालच्या झाकणाखाली आहेत. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा जुळत नाहीत, त्यामुळे रॅमची जुनी पट्टी दुकानात सोबत नेणे उत्तम. डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची पट्टी घ्यावी. पट्टी तिरकी धरून सोनेरी टोके पूर्ण आत जाईपर्यंत सरकवावी आणि मग खाली दाबावी. दोन्ही बाजूंचे चाप टक् आवाज करून बसले पाहिजेत. इतर कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते, त्यामुळे आपले मॉडेल आधी पाहावे.

पंख्यातली धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवावीत. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती चार्ज करणे तत्काळ थांबवावे आणि टोचू किंवा दाबू न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

काढलेली हार्ड डिस्क लगेच पुसू नये. यूएसबी केसमध्ये घालून तिच्यावरचे फोटो आणि कागदपत्रे नव्या डिस्कवर घ्यावीत, ती तिथे उघडतात का, हे फाइल दर फाइल पाहावे, आणि सर्व काही आल्याची खात्री पटल्यावरच ती बॅकअपसाठी मोकळी करावी.