वाड्याच्या दारावरची कडी कागदावर कशी उतरवावी

जुन्या वाड्याचं दार रेखाटायला बसलं की बहुतेक जण आधी नक्षीच्या मागे लागतात. मी म्हणेन, आधी घरमालकाला विचारून दार दोन-चारदा उघडा, लावा, कडी वाजवा. ती कुठे अडकते, कोयंडा कुठे ठोकलाय, हे हाताला कळलं तरच चित्रातली कडी लटकलेली वाटते. नाहीतर ती चिकटवल्यासारखी दिसते.

टूएच (कडक, फिकट उठणारी) आणि फोरबी (मऊ, गडद उठणारी) पेन्सिली, खोडरबर, मोजपट्टी आणि जाड कागद एवढं पुरे. दारावर तिरपं ऊन पडतं ती वेळ गाठा.

पहिल्यांदा टूएचने हलकी उभी रेघ मारा. कडीचं वजन याच रेघेवर तोललेलं असतं. समोरून कडी गोल दिसते. दोन पावलं बाजूला सरकलात की लंबगोल. आता जाडी नीट बघा. गोल सळईची कडी असेल तर ती सगळीकडे जवळपास सारखीच जाड दिसते. चपट्या पट्टीची असेल तर डाव्या-उजव्या अंगाला बारीक होते, वर-खाली मात्र रुंद राहते. इथेच बहुतेकांची कडी बिघडते. वर, जिथे ती अडकवलेली असते, तिथे वर्षानुवर्षांच्या घासणीने धातू झिजलेला असतो. ती झीज जरूर काढा. कडीखालच्या लाकडावर तिच्या हेलकाव्याने उमटलेला गुळगुळीत, चकचकीत अर्धगोल मला तर नक्षीपेक्षा देखणा वाटतो.

बिजागरी काढताना आधी तिच्या नळ्या मोजा. एक नळी दाराकडच्या पट्टीची, पुढची चौकटीकडच्या पट्टीची, अशा त्या आलटूनपालटून येतात. हाताने ठोकलेल्या खिळ्यांची डोकी एकसारखी काढू नका. कित्येक जुन्या दारांना बिजागरीच नसते. फळीचाच खुंट वर-खाली खोबणीत फिरतो. तिथे बिजागरी कल्पनेने घालू नका.

कुलपाचा सराव करायचा तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कुलपं आहेत. आधी कुलपाचं अंग, मग वरची कमान, शेवटी किल्लीचं भोक, या क्रमाने जा.

छायेसाठी फोरबी घ्या. पितळेवर लख्ख पांढरा ठिपका आणि त्याला अगदी खेटून गडद काळं असतं. तो ठिपका कागदाचाच कोरा ठेवा. लोखंडावर मात्र असा पांढरा शोधू नका; तिथे मंद करडा रंग आणि गंजाचे खड्डे.

हात बसला की शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर बसा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले लोखंडी सुळे तिथे आहेत. अगदी डोळ्यांसमोरच्या सुळ्याचं फक्त वर्तुळ आणि टोक दिसतं. कडेचे सुळे मात्र आडवे होत जातात.

चित्र झालं की कोपऱ्यात कडीचा व्यास, पट्टीची रुंदी आणि तारीख लिहा. उद्या वाडा पाडला आणि दार भंगारात गेलं, तर तशीच कडी पुन्हा घडवायला लोहाराला हेच आकडे लागतील.